केसभर तिरकं

त्याच्या पांढऱ्या शर्टावर माझा निळा पंजा उमटला, तिथून सगळं सुरू झालं. मी रंगाने माखलेले हात घेऊन नळाकडे धावत होते, तो दारातून आत येत होता. धडक चुकवायला हात पुढे केला... तो थेट त्याच्या छातीवर!

"अहो, हा रंग जातो का?"

"नाही. आमचा रंग पक्का असतो."

"मग राहू दे," तो हसला. झालं, मी तिथेच संपले.

आमच्याकडे लाकडी ठशांनी हाताने कापड छापतात. बाबा रंग घोटतात, मी छापते. वर्षानुवर्षं टिकतील असेच कपडे शिवणाऱ्या एका बाईंना माझी वेलीची नक्षी आवडली होती. माझी पहिलीच नक्षी! तिचा ठसा कोरून आणणारा तो हाच.

नवा ठसा आला की चिंधीवर शेजारी शेजारी दोनदा छापून बघायचा. वेलीची टोकं जुळली की ठसा पास. त्याचा ठसा बघताच मला कळलं, हा जुळणार. म्हणजे काम संपलं. मग हा परत कशाला येईल?

दुसऱ्या छापाला मी मनगट केसभर तिरकं केलं.

"इथे फट राहतेय," मी शहाण्यासारखा चेहरा करून म्हणाले.

त्याने चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खरंच की... परवा नवा आणतो."

परवा आणला. मी पुन्हा फट काढली. दर खेपेला तो जरा जास्त वेळ थांबायचा. कोरताना आपली जीभ बाहेर येते, हे त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, "करून दाखवा", तर लाजला!

चौथ्या ठशाला मात्र बाबांचा पारा चढला.

"बास! शनिवारी बाईंना कापड द्यायचंय, आणि याला एक ठसा धड जमेना. दुसरा कारागीर बघतो. आणि याला कुणी काम देऊ नका, असं बाजारभर सांगतो!"

तो मान खाली घालून उभा. माझ्या खोडीपायी त्याच्या पोटावर पाय येत होता.

"बाबा... ठसे चांगले आहेत. चारही. मीच मुद्दाम तिरकं छापलं."

"का पण?"

"यांनी परत यावं म्हणून." आता धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

तो मात्र हसत होता. "मला माहीत होतं. चार वेगळे ठसे, आणि फट दरवेळी तेवढीच, डावीकडेच? लाकूड असं चुकत नाही."

"मग गप्प का बसलात? बाबा एवढं बोलले—"

"आज बोललो असतो तर तुम्ही बोलणी खाल्ली असती. आणि आधी बोललो असतो, तर... मला तरी परत कसं येता आलं असतं? तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. त्याने तोच शर्ट घातला होता. निळा पंजा जागच्या जागी.

"दुसरा हात राहिलाय," तो हळूच म्हणाला.

मी घाबरत बाबांकडे पाहिलं. त्यांनी मिशीतलं हसू दाबलं. मग चारही ठसे मेजावर मांडले आणि त्याला म्हणाले, "शनिवारपर्यंत इथेच छापायला उभं राहायचं. जेवण आमच्याकडे."

आणि रंगाचं तबक माझ्यापुढे सरकवलं.

"उमटव तो दुसरा. पण हात सरळ ठेव गं, या वेळी तरी!"