पावणेतीनशे फूट

चारुलताबाई निरांजन ओवाळत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, बाबा सापडले."

"बोलतात का गं?"

पलीकडून हर्षाचा नुसता हुंदका आला. बाईंनी देवापुढे हात जोडले आणि वाडीची वाट धरली.

हर्षाचे वडील रुपराव. वय सत्तरीचं, स्मृती पार गेलेली. आठवड्यापूर्वी ते धाकट्या मुलाच्या, धर्मेंद्रच्या, वाडीतल्या घरातून नाहीसे झाले. त्याच दुपारी त्यांच्या मोबाइलवरून हर्षाला एक फोटो आला: कोरड्या कालव्याची पाळ आणि लांबवर वीजकेंद्राची चिमणी. मग फोन बंद. टॉवरवरून मौद्याचा परिसर कळला, जागा नाही.

धर्मेंद्र मोबाइल टॉवरच्या मोजणीचं काम करायचा. फोटोवरून अंतर त्यानंच काढून दिलं: चिमणीपासून पावणेदोन किलोमीटर. पोलिसांनी तेवढा मुलूख पालथा घातला. काही नाही.

काल हर्षा फोटो घेऊन बाईंकडे आली. दोघा भावंडांना गणित बाईंनीच शिकवलेलं. त्यांनी निराळं अंतर सांगितलं. आज पोलिस तिथं गेले, तर बाभळीखाली रुपराव होते. थंड.

धर्मेंद्रच्या घरी पुढच्या खोलीत हर्षा आणि फौजदार मिनल बसल्या होत्या. धर्मेंद्र भिंतीला टेकून उभा.

"डॉक्टर काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"ऊन आणि तहान," मिनल म्हणाल्या. "परवापर्यंत जीव होता."

"परवा तर आपण शोधूनच राहिलो होतो!" हर्षानं कपाळ बडवलं. "काहून नाही दिसले वं माय? ज्याले फोन फक्त कानाले लावता येते, तो बिचारा कोणाले फोन तरी कसा करीन!"

बाई धर्मेंद्रकडे वळल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"धर्मेंद्र, तुमचा टॉवर किती उंच असतो रे?"

"चाळीस मीटर."

"फुटांत?"

"एकशे तीस."

"बघ, विचारसुद्धा करावा लागला नाही. आणि वीजकेंद्राची चिमणी?"



"यांनी आम्हाला पावणेतीनशे फूट सांगितली होती," मिनल म्हणाल्या.

"पावणेतीनशेच. पण मीटर." बाईंनी हर्षाचा मोबाइल धर्मेंद्रपुढे धरला. "वडिलांचा फोन असाच होता. मी भिंतीला फूटपट्टी उभी चिकटवली आणि दहा फुटांवरून फोटो काढला. चिमणी पडद्यावर त्या पट्टीच्या निम्मी दिसते. म्हणजे टॅन थीटा एक भागिले वीस. चिमणीच्या उंचीच्या वीसपट अंतर. तुझा कोन बरोबर, वीसपट बरोबर. फूट धरले तर पावणेदोन किलोमीटर, मीटर धरले तर साडेपाच. कालव्याची पाळ त्या अंतरावर एकाच ठिकाणी येते."

"चूक झाली बाई. घाईत होतो."

"तुझ्या दोन टॉवरएवढीच चिमणी? जिच्या बाजूनं रोज कामाला जातोस? ती चूक तुझ्या हातून व्हायची नाही, बाळा. तुला शोध चिमणीजवळच ठेवायचा होता."



"आणि फोटो काढला कुणी? हर्षा आत्ता काय म्हणाली? त्यांना फोन फक्त कानाला लावता यायचा. म्हणजे कालव्यावर दुसरं कुणीतरी होतं. तुला ते सापडायला हवे होते, म्हणून फोटो पाठवलास. आणि सापडायला नको होते, म्हणून फूट सांगितलेस."

धर्मेंद्र खाली बसला.

"तीन वर्षं, बाई. रात्र रात्र ओरडणं, मले चोर म्हणून मारणं. बायको माहेरी गेली. वाटलं, कोणी गावकरी नेईन, जेवू घालीन. फोटो पाठवला अन् भेव वाटलं. बाबानं माझं नाव सांगितलं तर?"

"मले सांगायचं होतं रे!" हर्षा ओरडली. "मी नेलं असतं बाबाले!"

"त्यांना सोडून निघताना वळून पाहिलं होतंस?" बाईंनी हळूच विचारलं.

"गाडी चालू केली, तेव्हा त्यानं हाक मारली. दोन वर्षांनी पहिल्यांदा माझं नाव आठवलं त्याले. म्हणाला, 'धर्मा, हळू चालवजो.'"

"मंग?" हर्षानं विचारलं.

"हळूच चालवली, ताई."