हॉक्सलीच्या पलीकडचं शेवटचं लॉक

बायको, थर्झा, गेल्याचं ॲबनरला कळलं तेव्हा त्याची बोट कालव्यावरच्या लॉकमध्ये होती, निम्मी चढलेली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद; पाणी भरलं की बोट चढते, सोडलं की उतरते. पर्सी, तिथला राखणदार, घरात फोनवर बोलून बाहेर आला आणि भिंतीवर उभा राहिला. “हॉस्पिटलमधून होता, ॲब,” तो म्हणाला. खालून ॲबनरला त्याचे फक्त बूट दिसत होते. पाणी भरत राहिलं, बोट वर येत गेली. आधी पर्सीचे गुडघे दिसले, मग टोपी धरलेले हात, मग चेहरा. चेहरा पाहिल्यावर विचारायचं काही उरलं नाही. ॲबनरने बोट बाहेर काढली, मागचा दरवाजा लावला, पाणी सोडायच्या झडपा खाली सोडल्या आणि मगच तो खाली बसला. दरवाजा उघडा टाकून जाणाऱ्या माणसाला थर्झा तोंडावर शिव्या द्यायची.

ती त्याच बोटीच्या खोलीत जन्मली होती. सुकाणू ॲबनरच्या हातात असलं तरी प्रवास तिच्या जिवावर चाले. कमरेच्या पट्ट्यात झडपा उचलायची लोखंडी चावी खोचून ती सायकलने पुढे जाई. वर चढायचं असेल तर लॉक रिकामं करून ठेवी, उतरायचं असेल तर भरून. चार गाड्यांचा माल पोटात घेऊन बोट संथपणे पोचायची, तेव्हा दरवाजा उघडा असे. दोनपैकी एकच. “दोन्ही कशाला?” ती म्हणायची. “महाराणी आणतोयस का?” एका दरवाजाच्या जागेतून बोट कुठेही न घासता आत नेणं हा ॲबनरचा मान होता, आणि तो मान तिनेच त्याला दिला होता.

“डॅड, एकट्याने नाही जमायचं,” डोरीन, त्यांची मुलगी, म्हणाली. “आमच्याकडे मागची खोली आहे. हीटर आहे.”

“खोली हलते का?”

“हलत नाही, म्हणूनच तर म्हणतेय.”

हॉक्सली बोगद्याच्या पलीकडे, उतारावरच्या शेवटच्या लॉकखाली एका माणसाचं बोटी बांधायचं आवार होतं. तो बोट घ्यायला तयार झाला. मधोमध कापून तो तिच्या दोन सहलीच्या बोटी करणार होता. ॲबनरने होकार दिला. बोट मात्र मी स्वतः आणून देईन, एवढंच त्याने सांगितलं.

थंडीतल्या एका स्वच्छ सकाळी तो निघाला. काठावरचं गवत दवाने पांढरं पडलं होतं. चढणीचं पहिलं लॉक रिकामं होतं आणि त्याचा एक दरवाजा उघडा होता. नुकतीच एखादी बोट खाली उतरली असेल, असं त्याला वाटलं. पण समोरून एकही बोट आलेली नव्हती. दुसरं लॉकही तसंच. तिसऱ्यापाशी तो ओरडला, “पुढे कोण आहे?” झाडावरून कावळे उडाले, बाकी काही नाही.

पर्सी आपल्या लॉकपाशी चहाचा मग घेऊन उभा होता.

“पोरीला आणलंस होय बरोबर?” त्याने विचारलं. “झडपेचा आवाज आला म्हणून बूट घालून बाहेर आलो, तोवर सगळं तयार. काय हात आहे रे! अगदी आईवर गेलीय.”

“डोरीनला चावी कशी धरायची तेसुद्धा माहीत नाही.”

पर्सी हसला. मग हसू तसंच ठेवून त्याने मगात पाहिलं. “मग एखादी बोट गेली असेल.”

“तुला दिसली?”

“चहा घेतोस का?” पर्सी म्हणाला.

ॲबनर चहाला थांबला नाही.

बोगद्यात काठाची वाट नव्हती. थर्झा सायकल ढकलत टेकडीवरून पलीकडे जायची. दिव्याच्या उजेडात विटा सरकत राहिल्या. कुदळ-फावड्याने हे खोदणाऱ्यांचं ॲबनरला नेहमी कौतुक वाटे. टेकडीच्या पोटातून इतकी सरळ रेघ. वरून पाणी ठिबकत होतं, मानेवर पडत होतं. डोक्यावर इतकी माती, आणि तिच्याही वर कोणीतरी चालत आहे, असं त्याच्या मनात आलं. त्याने इंजिनचा वेग कमी केला. वरच्या माणसाला पोचायला वेळ मिळावा म्हणून. आपण काय केलं ते त्याला नंतर समजलं.

पलीकडे ऊन होतं. उताराची लॉक भरलेली होती, काठोकाठ. प्रत्येकाचा एकच दरवाजा उघडा. बोट कुठेही घासली नाही. त्या दिवशी ती जशी चालली तशी तरुणपणीही चालली नसेल.

शेवटच्या लॉकमध्ये तो शिरला. पुढच्या दरवाजांपलीकडे, खाली, आवार दिसत होतं. तो माणूस बाहेर उभा होता. त्याने ओळख दाखवत हात केला.

मागचा दरवाजा लावायला ॲबनर वळला.

तो लागलेला होता.

काठावर कोणी नव्हतं. गवतावरचं दव मोडलेलं नव्हतं.

मग पुढची झडप उचलणारी दातेरी पट्टी वर चढू लागली. टक्. टक्. निम्म्यावर येऊन थांबली. थर्झा तिथेच थांबायची. तो बोटीवरून हात वर करी, मगच ती झडप पूर्ण उचली. त्याच्या इशाऱ्याशिवाय तिने बोट कधीही खाली जाऊ दिली नव्हती.

निम्म्या उघड्या झडपेतून पाणी धडाडत बाहेर पडायला हवं होतं.

पाणी जागचं हललं नाही.

खालून तो माणूस विचारत होता, “अहो, येताय ना?”

ॲबनरने अजून हात वर केलेला नाही.