पांढरा पळस आणि चार व्होल्टचा वारा

पांढऱ्या पळसाच्या शेंगा आणायच्या होत्या, आणि त्याही मृगाच्या आधी! शेंगा उन्हाळ्यात पिकतात, वाळून पापडीसारख्या हलक्या होतात आणि पहिल्या वावटळीबरोबर कुठल्या कुठे उडून जातात. बेज्जूरच्या जंगलात, प्राणहिता नदीकडे उतरणाऱ्या एका टेकाडाच्या माथ्यावर असा एकच पळस उभा होता. पांढऱ्या पळसाखाली धन असतं म्हणे! त्या भ्रमापायी लोकांनी त्याची मुळं खणून काढली होती आणि अर्धं झाड वाळून गेलं होतं. पुढच्या वर्षी ते फुलेल याचा भरवसा उरला नव्हता. बेल्लमपल्लीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दमयंतीला त्याचं बी हवं होतं. त्याची रोपं करायची, एवढंच एक खूळ तिच्या डोक्यात महिनाभर भिरभिरत होतं.

झाडाची वाट ठाऊक होती ती फक्त तिच्या मामांना. गोपाळरावांनी नोकरीत जमिनीची मोजणी-पैमाइश करता करता हे जंगल पायाखाली घातलं होतं. आता निवृत्ती आणि कीर्तन! कुठेही कीर्तन उभं राहो, पुढच्या ओळीत बसून डोळे पुसणारा माणूस म्हणजे गोपाळराव. सोबतीला त्यांचे मित्र सुधाकरराव. कोळशाच्या खाणीतल्या माणसांच्या टोपीवरच्या दिव्यांच्या बॅटऱ्या चार्ज करून देण्यात त्यांचा जन्म गेला होता.

पहाटे चालायचं आणि दुपारी दोन झाडांना झोळी टांगून पडून राहायचं, असा बेत ठरला. खाली विंचू, आणि जमीन तव्यासारखी. पण झोळीचं कापड दोन्ही अंगांनी चिकटतं, आत वारा शिरत नाही. म्हणून सुधाकररावांनी पंखा बांधला. भंगारात निघालेली टोपी-दिव्याची चार व्होल्टची बॅटरी, खेळण्यातल्या गाडीची मोटर, तेलाच्या प्लास्टिकच्या डब्यातून कापलेली तीन पाती आणि बाहेरून सायकलच्या तारांची जाळी. अंगणात चाचणी झाली. मामा झोळीत आडवे, पंखा नाकाच्या वर टांगलेला.

"करा सुरू!"

भर्रर्र!

"वारा कुठं हाय, सुधाकरराव?"

"काऊन? लागून नाही राह्यला?"

वाकून पाहणाऱ्या दमयंतीचे केस उडाले. "काका, वारा वर चाललाय!"

"मग देवाला लागून राह्यला असंल," मामा शांतपणे म्हणाले. "पहिला मान त्याचाच!"

सुधाकररावांनी दोन तारांची अदलाबदल केली. पातं उलटं फिरलं, वारा खाली आला आणि मामांनी डोळे मिटले.

जंगलात मात्र हे हसू टिकलं नाही. ज्या ओढ्याच्या भरवशावर निघाले होते, तो ठणठणीत कोरडा! वाळू उकरली, तर ओलही लागेना. सोबतच्या पाण्यातच आता जाऊन यायचं होतं. सागाची झाडं बोडकी झाली होती, सावली नावालाच होती, आणि पायाखाली वाळलेली पानं सतत चुरचुरत होती. वाटेतल्या घसरणीवर सुधाकरराव पाठीवर आपटले आणि पंख्याची एक तार मोटरपासून निसटली. उत्तरेच्या डोंगरावर धुराची बारीक रेघ दिसत होती. दमयंतीची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती. वणवा! तो टेकाडाकडे सरकतोय की दुसरीकडे?

"मामा, पाणी प्या."

मामांनी बाटली तोंडाला लावली, मिशा पुसल्या, बाटली परत दिली. "चला, चला. आता ती खिंड, की पलीकडे टेकाड!"

उन्हं चढली तरी कोणी थांबायला तयार नव्हतं. दमयंती तर जवळजवळ पळत होती. खिंडीत ती वळली. समोर, दोन हाकांच्या अंतरावर, टेकाडाचा माथा! त्यावर एक वाकडं झाड, आणि फांद्यांना वाळक्या शेंगांचे झुपके!

"मामा! दिसला!"

मामा मागेच थांबले होते. ते उन्हात उभे राहून टाळ्या वाजवत होते. "बसा, बसा मंडळी... बुवा आले..." असं काहीतरी पुटपुटत होते. दमयंतीने त्यांचा हात धरला. हात भाजत होता! आणि कोरडा! घामाचा टिपूस नाही!

मामा कोसळले.

"झोळी बांधा! लवकर!"

सुधाकररावांनी झोळी टांगली. दोघांनी मामांना उचलून आत घातलं. दमयंतीने सदरा सोडला, पदर भिजवून छातीवर, मानेवर, काखेत पाणी लावलं. पंखा! निसटलेली तार सुधाकररावांनी बोटाने मोटरवर दाबून धरली. पातं फिरलं. बोट ढळलं, पातं थांबलं!

"माह्या बोटाशिवाय हा चालत नाही, बाई. तू पाणी लाव!"

ओल्या अंगावर वारा. पुन्हा पाणी. पुन्हा वारा. धूर आता रेघेचा राहिला नव्हता. टेकाडाच्या मागून तो उसळून वर येत होता.

"बाई," सुधाकरराव हळूच म्हणाले, "तू जाऊन ये पळत. मी करतो इथं."

"एक हात पंख्याला, एक तारेला. पाणी कोण लावणार?"

ती जागची हलली नाही. तिने पदर पुन्हा भिजवला.

बऱ्याच वेळाने मामांनी डोळे उघडले. दमयंतीने बाटली ओठांना लावली, तर त्यांनी मान फिरवली. "आज नाही... निर्जळी हाय माही."

"काय?" सुधाकरराव ओरडले. "एकादशी? ह्या उन्हात? आन मिशा पुसून राह्यले होते ते?"

"सांगितलं असतं, तर तुमी आणलं नसतं मला. वाट कोणी दाखवली असती?"

दमयंतीचा राग ओठांपर्यंत आला आणि तिथेच विरला. तिने बाटलीतलं पाणी आपल्या तळव्यावर घेतलं. "मामा, हे तीर्थ आहे. कीर्तनाच्या शेवटी देतात तसं. तीर्थाला नाही म्हणतात का?"

मामांनी मान परत तिच्याकडे वळवली. मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

"एक पळी."

"एक पळी," ती म्हणाली आणि ओंजळभर ओतलं. "ही दुसरी. ही तिसरी. आज देव लई उदार आहे, मामा."

पाणी तळाला गेलं. पंख्याची घरघर मंदावली, पाती दिसू लागली, मग थांबलीच. पण मामांच्या कपाळावर घाम फुटला होता. घाम!

आता परतायचं, दुसरा मार्ग नव्हता. खिंडीत पडलेला एक बांबू झोळीच्या दोन्ही टोकांत ओवला. तेवढ्यात टेकाडावरून कडकड असा आवाज आला. वाळक्या शेंगा पेटत होत्या. त्यांतल्या काही जळत जळत हवेत उडाल्या आणि विझून खाली गेल्या. दमयंती पाहत उभी राहिली. मग तिने बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं.

"उचला, काका!"

झोळी हलली. आतून हुंदका ऐकू आला.

"माह्यापायी गेलं तुझं झाड, पोरी..."

"रडू नका, मामा," ती मागे न पाहता म्हणाली. "पाणी वाया जातं."