लादीवरचं दव

दगड कापायलाही पाणी लागतं, आणि नेमकं तेच त्या वर्षी शहरात कुठं नव्हतं. विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागामागच्या पत्र्याच्या खोलीत तनुजा तोटी उघडून उभी होती. नळातून फुस्स करून हवा आली, दोन थेंब आले आणि नळानं मान टाकली. पाण्याशिवाय यंत्र चालवलं तर दगड कापायची चकती तापून वाकणार, आणि तनुजाचं संशोधन घरी बसणार.

"मेल्या, तुला आजच रुसायचं होतं व्हय?" ती नळाला म्हणाली.

"कुणावर एवढा राग?"

तिनं वळून पाहिलं. दारात एक उंच मुलगा... अंगात पांढरा कोट, दोन्ही हातांत बादल्या.

"नळावर. तुम्हाला काय, तुमच्यावर वाटला?"

"माझ्यावर असता तरी चाललं असतं." तो हसला. हसला की त्याच्या एकाच गालावर खळी पडायची, दुसरा गाल अगदी सभ्य राहायचा.

तो श्रीरंग. शेजारच्या रसायनशास्त्र विभागात पीएच.डी. करायचा. त्याला काळ्या दगडाच्या पातळ लाद्या लागत, आणि बाजारातून कापून आणलेली प्रत्येक लादी वाकडी निघायची. त्या लाद्या धुतलेलं पाणी तो बादल्यांत भरून झाडांना घालायला निघाला होता.

"हे धुवणाचं पाणी चालेल तुमच्या यंत्राला?"

"पळेल!" तनुजा म्हणाली. "माझं यंत्र काय तुमच्यासारखं नाजूक नाय."

सौदा तिथंच ठरला. त्यानं धुवण आणायचं, तिनं लाद्या कापून द्यायच्या. दुष्काळात लोकांची पाण्यावरून भांडणं होतात. या दोघांचं मात्र जुळायला लागलं. आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही, निदान दोघं तसं म्हणत.

श्रीरंगचं काम ऐकायला सोपं होतं. लादीवर एका रसायनाचा थर चढवायचा, इतका पातळ की डोळ्यांना दिसूही नये. मग हिवाळ्यातलं दव तिच्यावर पसरून वाळून न जाता थेंब धरेल, ओघळेल आणि खालच्या पन्हळीत जमेल. गच्चीवर अशा लाद्या मांडल्या तर टँकरची वाट बघणाऱ्या घराला पिण्यापुरतं तरी पाणी मिळेल, असं त्याचं स्वप्न. थेंबावर तो लेझरचा लाल किरण सोडायचा आणि थेंब लादीला किती अंशांनी टेकलाय ते मोजायचा. थेंब जितका गोल, तितका श्रीरंग खूश.

तनुजा अजिंठ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. बायपासच्या पलीकडे टेकड्या फोडून नव्या वसाहती उठत होत्या. तिथले उघडे पडलेले दगड ती गोळा करायची. कुठल्या थरात पाणी झिरपतं आणि कुठला थर नुसताच कोरडा, हे तिला शोधायचं होतं.

एका दुपारी तिनं त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. दगडाची चकती काचेवर चिकटवून तिनं ती कागदाहून पातळ घासली होती, आरपार उजेड जाईपर्यंत. श्रीरंगनं डोळा लावला आणि खुर्ची आणखी पुढं ओढली. आत निळं, पिवळं, जांभळं काय काय पेटलं होतं.

"हा... तोच काळा दगड?"

"व्हय. वरवर बघणाऱ्यांना कळत नाय."

"मी वरवर बघतो?"

"तुझं शास्त्रच वरच्या थराचं!"

त्यानं डोळा काढला आणि तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. तनुजानं उगीचच काच पुसायला घेतली, जी आधीच स्वच्छ होती.

जानेवारीत तिला गावाकडच्या नाल्यात एक सुरेख दगड सापडला. घट्ट, एकसारखा काळा. त्याची लादी तिनं दोन दिवस घासली. तिच्या गावी शनिवारी मारुतीच्या पाषाणाला तेल लावतात, आणि तेलाचा हात फिरला की पाषाण कसा उजळतो हे ती लहानपणापासून बघत आलेली. श्रीरंगला द्यायची लादी तशीच उजळावी असं तिला वाटलं. तिनं पर्समधल्या बाटलीतलं खोबरेल बोटांवर घेतलं, लादीवर फिरवलं, ओढणीनं पुसलं. लादी आरशासारखी चमकली. वेडी पोर! प्रेमात पडलं की शिकलेली माणसंही शिकलेलं विसरतात.

आणि नेमक्या त्याच लादीनं चमत्कार केला. सकाळी गच्चीवर थेंब साबुदाण्यासारखे टुणटुणीत उभे होते, आणि बोट लागताच घरंगळत होते. त्याचे मार्गदर्शक गायके सर फोटो बघून खुर्चीतून उठले. पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत तरुण संशोधकांची निवड होणार होती. श्रीरंगनं हेच तिथं मांडायचं ठरलं.

"बाकीच्या लाद्या अजून ऐकत नाहीत गं," तो तनुजाला म्हणाला, "पण तुझ्या लादीनं माझं नशीबच उघडलं."

ती हसली. दुसऱ्या दिवशी केसांना लावायला तिनं तीच बाटली उघडली आणि तिला उमगलं, ते थेंब श्रीरंगच्या रसायनामुळं नाही, तिच्या तेलामुळं उभे राहिले होते.

सांगितलं नाही, तर पुण्यात टाळ्या मिळतील. मग कुणीतरी प्रयोग पुन्हा करेल, आणि श्रीरंगला खोटा ठरवेल. सांगितलं, तर... त्याच्या संशोधनाचा सत्यानाश करणाऱ्या मुलीकडे तो परत कशाला बघेल? तिला रडू आलं. पण डोळे पुसून ती थेट त्याच्या प्रयोगशाळेत गेली.

"श्रीरंग, त्या लादीला मी तेल लावलं होतं. खोबरेल. चमकावी म्हणून... तुझ्यासाठी."

त्याच्या हातातला चिमटा टेबलावर पडला.

"तेल?" तो हळूच म्हणाला. मग स्वतःशीच, "आणि मी ती धुतली नव्हती..."

आणि तो तडक निघून गेला.

तनुजा यंत्राच्या खोलीत आली. आता इथं बादल्या घेऊन कुणी येणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. उरलेलं धुवण ओतून तिनं यंत्र चालू केलं, दगड लावला. डोळ्यांपुढं धूसर झालं होतं, त्यामुळे काप वाकडा गेला. आयुष्यात पहिल्यांदाच.

तासाभरानं दारात सावली पडली. हात रिकामे, चेहरा उतरलेला.

"सरांकडून आलो. सगळं सांगितलं. पुणं यंदा रद्द. सहा महिने सगळ्या लाद्या पुन्हा. सर एवढे ओरडले, शिपाईसुद्धा चहा ठेवून पळाला."

"माझ्यामुळं."

"अर्धं तुझ्यामुळं." तो आत आला. "प्रत्येक लादी आधी तीनदा धुवायची, हा आमचा पहिला धडा. धुतली असती तर तुझं तेल निघून गेलं असतं. पण तू ती लादी दिलीस त्या दिवशी टँकर आला नव्हता. शुद्ध पाणी होतं दोन बादल्या..."

"मग?"

"तुझं यंत्र बंद पडलं असतं. ते पाणी मी इथं आणलं. धुवण आहे म्हणून सांगितलं."

तनुजा बघतच राहिली. "येड्या! तुझा प्रयोग सोडून?"

"तू तरी कुठं शहाणपणा केलास?"

तिला हसूही आलं आणि रडूही. "रागावला नाहीस?"

"रागावलो ना. जिन्यावर पाच मिनिटं रागावून उभा होतो. मग वाटलं, तू गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं असतं? माझं नाव जाऊ नये म्हणून तू आलीस. अशी मुलगी मला परत कुठं भेटणार, तनुजा?"

यंत्र घरघरत होतं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग मान वर केली.

"मला तू लई आवडतोस. सांगून टाकलं. आता हसायचं तर हस."

तो हसला नाही. दगडाच्या भुकटीनं राखाडी झालेला तिचा हात त्यानं हातात घेतला, जपून, दोन्ही हातांनी.

"हात धुऊन येते की," ती पुटपुटली.

"राहू दे," श्रीरंग म्हणाला, आणि कोपरानं यंत्र बंद केलं.