खाम्बुलाच्या घळीतले

हे घडलेलं आहे. मी स्वतः तिथे होते. विश्वास ठेवा, नका ठेवू.

साल १९९६. मार्चमधली भरदुपार. जागा दक्षिण आफ्रिकेत, झुलूलँडमधली खाम्बुला टेकडी.

१८७९ च्या लढाईत माझे पणजोबा सोखेची इथे पडले. गोऱ्यांच्या तोफांपुढे आमचे लोक मागे हटले, तेव्हा जखमी टेकडीखालच्या घळीतच राहिले. घोडेस्वारांनी त्यांना पडल्या जागी मारलं.

अशा माणसाचा आत्मा घरी आणावा लागतो. बोरीची काटेरी फांदी न्यायची, त्याला नावाने हाक मारायची आणि फांदीवरून आणायचं. फांदी धरणाऱ्याने वाटेत फक्त त्याच्याशीच बोलायचं. जिवंत माणसाशी एक शब्द नाही.

फांदी सोखेचींच्या नातवाच्या, माझ्या मफिका काकांच्या हातात होती.

घळ आता रॅडली नावाच्या गोऱ्याच्या शेतात येते. तो जीपमधून उतरला.

"भूत न्यायला आलात? माझ्या आजोबांनी इथे ससे टिपावेत तसे टिपले. त्यातलं तुमचं कुठलं?"

"साहेब, आम्ही निघतोच," मी म्हणाले.

"म्हाताऱ्याला बोलू दे की. दातखीळ बसली का?"

काकांच्या मानेची शीर उडत होती. पण त्यांनी फांदीकडेच पाहिलं.

"आजोबा, ऐकलंत ना हा काय म्हणतो ते?"

वारा थांबला...

गवत मात्र हलत राहिलं.

घरी बकऱ्यापुढे फांदी धरली. त्याने पाला खाल्ला की समजायचं, माणूस आला.

बकऱ्याने तोंड फिरवलं.

"आलेच नाहीत," काका पुटपुटले. "मागे राहिले."

दोन-तीन दिवसांनी कळलं... रॅडली घळीत मेलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही. दोन्ही हात तोंडापुढे धरलेले. भोवतीचं गवत तुडवलेलं... शेकडो पायांनी.

अनवाणी.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

काका पुन्हा गेले. या वेळी बकऱ्याने सगळा पाला फस्त केला. पणजोबा घरी आले.

मग रॅडलीच्या मुलाचा काकांना फोन आला.

"काका, बाकीच्यांनाही घेऊन जा. घराभोवती उभे असतात. दिसत नाहीत... पण ढालींवर भाले आपटतात. दिवसाढवळ्या."

काका म्हणाले,

"नाव माहीत नाही, त्याला हाक कशी मारू? तुझ्या पणज्याने मारताना कुणाचं नाव विचारलं नव्हतं."

त्यांनी फोन ठेवला. ठेवता ठेवता मलाही पलीकडून ऐकू आलं...

ढाली. अगदी जवळ.

अजून तो फोन वाजतो. आम्ही उचलत नाही.