ड्रायरची वाफ जायची कुठे?

"ड्रायरची जाळी साफ करायची माझ्याकडूनच राहिली असेल," आत्या पुन्हा म्हणाली.

अग्निशमन दलाच्या तपासनीस बाई जळक्या ड्रायरसमोर उकिडव्या बसल्या होत्या. काल दुपारी त्याने पेट घेतला होता. माणसं वाचली, भिंत काळीठिक्कर पडली. पुतण्याने तर निकालही देऊन टाकला होता: आत्याला विसरायला होतं, तिला घरात ठेवणं धोक्याचं. संध्याकाळी वृद्धाश्रमाची गाडी यायची होती. कमाल आहे, राख अजून निवली नव्हती!

बाईंना ही घाई खटकली. त्या उठल्या, फेऱ्या मारू लागल्या.

"काल काय वाळवत होतात?"

"आधी हिरवे टॉवेल. मग चादरी लावल्या आणि…" आत्याने जळक्या ड्रायरकडे पाहिलं. "मी जाळी प्रत्येक खेपेला साफ करते हो. पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

बाईंनी कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा उघडला. अगदी वर जाळीतून काढलेला कपड्यांचा मऊ तूस, धाग्यांचा भुगा, होता. हिरवागार.

"बाहेर चला," त्या म्हणाल्या.

मागच्या भिंतीवर ड्रायरची गरम हवा बाहेर सोडणारी झडप होती. तिच्यावर कोळ्याने जाळं विणलेलं. एक तारही तुटलेली नव्हती.

"ड्रायर रोज चालतो?"

"रोज म्हणजे रोजच!" पुतण्याची बायको, सूनबाई, म्हणाली. "एवढ्या गारठ्यात दुसरं काय करणार?"

बाईंनी शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवलं. काच आतून शेवाळली होती. "ही खोली कुणाची?"

"अडगळ आहे," पुतण्या घाईघाईने म्हणाला. "तिथे काय बघायचंय? आग इकडे लागली."

"किल्ली द्या."

अडगळ कसली! नुसती ऑर्किडची झाडं, फुलांनी लगडलेली. पानापानांवर करडा तूस. बाईंनी भिंतीलगतची मोठी कुंडी सरकवली. मागे गोल भोक होतं, कडा करपलेल्या, त्यांना वितळलेलं नायलॉन चिकटलेलं.

"अगं बाई! माझे मोजे!" सूनबाई ओरडली. "मी घरभर शोधत होते!"

बाई पुतण्याकडे वळल्या. "ड्रायर रोज चालायचा, तर झडपेवरचं जाळं शाबूत कसं? कारण हवा तिकडे जातच नव्हती. तुम्ही पाइप या भोकात वळवलात. ऑर्किडना ऊब हवी, ओल हवी, ड्रायर दोन्ही फुकट देतो. फुलांवर तूस बसू नये म्हणून पाइपच्या तोंडाला मोजा बांधलात. जाळीतून थोडा तूस निसटतोच, तो मोज्यात साठत गेला. काल वाट पुरती बुजली, ड्रायर आतल्या आत तापला, पाइपमधल्या तुसाने पेट घेतला. बंब येईपर्यंत तुम्ही पाइप पुन्हा झडपेला जोडलात. आत्यांनी जाळी साफ केली होती. टॉवेलचा तूस डब्यात आहे."

पुतण्याने बायकोकडे पाहिलं. "मी घाबरलो होतो. ही म्हणाली असती, झाडं फेका. म्हणून आत्याचं नाव तोंडातून गेलं. वाटलं, ती नाही म्हणेल. पण तिनेच मानलं…"

"आणि तू मानू दिलंस!" सूनबाई कडाडली.

आत्या इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती.

"म्हणजे मी विसरले नव्हते?" तिने बाईंना विचारलं.

"नाही. तुमचं काहीच चुकलं नाही."

आत्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून पुतण्यासमोर आली.

"रात्रभर मी उठून उठून स्वतःला माझं नाव विचारत होते," ती म्हणाली. "आता गाडीवाल्याला फोन कर. गाडी का नको, ते तुझ्या तोंडाने सांग. मी इथे उभी राहून ऐकणार आहे."