चौदावं पान

त्या मंगळवारी सर विभागात गेले ते एक फाइल आणायला. निदान घरी तसंच सांगितलं. बायकोला म्हणाले, "वाढून ठेव, वीस मिनिटांत आलोच." मार्चची अकरा तारीख होती आणि रात्रीचे पावणेदहा वाजले होते.

तुम्ही मुलं मला सारखं विचारता, ताई, इतिहास विभागात अंधार पडल्यावर कुणी बसत का नाही? शिपाई सहाच्या ठोक्याला कुलूप लावून पळतो. रात्र रात्र जागणारे तुम्ही, पण टिपणं घेऊन घरी जाता. आज वीज गेलीच आहे आणि कुणाला उठायचंही नाही, तर ऐका. आधी एक सांगून ठेवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भुतांना भ्यायला सवड लागते, ती मला कधी मिळाली नाही. पण हे घडलं, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ते सर रोज माझ्या टेबलासमोरून जात होते.

मी तिथे टायपिंग करायची. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं शिकले ते लोकांचे प्रबंध टाइप करता करता. एकतीस वर्षांत शंभरावर प्रबंध माझ्या बोटांखालून गेले. त्यातले निम्मे मीच लिहिले असते तर बरे झाले असते, असं तेव्हाही म्हणायची, आजही म्हणते.

आमच्या विभागप्रमुख बाईंना सगळे मागून तळटीपबाई म्हणायचे. कुणी लग्नपत्रिका दिली तरी बाई म्हणणार, "मुहूर्ताला आधार काय?" पण बाईंनी विभागाला एक नियम घालून दिला होता, आणि तो सोन्यासारखा होता. जिवंत माणसाची साक्ष घेतली, की ती टाइप करायची आणि परत त्याच्या दारी जायचं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्याला वाचून दाखवायची. तो 'बरोबर आहे' म्हणाला, की खाली तसं लिहून तारीख घालायची. प्रत्येक पानावर सही, नाहीतर अंगठा. बाई म्हणायच्या, "कागदाला उलट बोलता येत नाही. माणसाला येतं. तेव्हा माणूस आहे तोवर त्याला बोलू द्या."

सर तेव्हा अडतीसचे. हुशार, गोड बोलणारे, विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारे. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगते. म्हणजे पुढचं ऐकणं तुम्हाला सोपं जाणार नाही.

सरांचं पुस्तक होतं एका सूतगिरणीच्या आगीवर. चाळीस वर्षांपूर्वी रात्रपाळीला आग लागली. मागच्या दाराला कुलूप होतं. एकोणीस माणसं त्या दाराशीच मेली. सरांचं म्हणणं असं, की कामगारांनी मधेच बाहेर जाऊ नये म्हणून मालकाच्या हुकमावरून दार बंद ठेवत. अख्खं पुस्तक या हुकमावर उभं होतं आणि हुकमाचा कागद मिळत नव्हता. त्या रात्रीचा पहारेकरी तेवढा जिवंत होता. एसटीने तीन तासांवरच्या गावात लेकीकडे राहायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. सर सात वेळा गेले, सात वेळा म्हाताऱ्याने पाणी पाजून परत पाठवलं. आठव्या वेळी बोलला.

ती टेप मी कानाला लावून उतरवली. बावीस पानं झाली. चौदाव्या पानाशी माझे हात थांबले.

म्हातारा म्हणत होता, "कुलूप मी घातलं. मालकाने सांगितलं नव्हतं. कुणीच नाही. लोक हवा खायला बाहेर जायचे, दर वेळी मला उठून दार उघडावं लागायचं. मला झोप हवी होती. किल्ली उशाखाली घेतली आणि झोपलो. त्या एकोणिसांत माझा मेहुणा होता. बायकोला सांगितलं, मालकाने लावायला लावलं. ती तेच खरं धरून मेली. चाळीस वर्षं सगळे मला बिचारा म्हणतात, सर. एवढं लिहा. आणि छापण्याआधी मला वाचून दाखवा. माझं मला ऐकू दे एकदा."

सरांचा आवाज होता त्यावर, "नक्की, आजोबा. शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. हातात ती पानं.

"ताई, चौदावं पान काढून टाका. पुढचे आकडे बदला."

"का बरं?"

"म्हातारपणी माणसं नको ते अंगावर ओढून घेतात. एका माणसाच्या झोपेवर इतिहास उभा राहत नसतो, ताई."

मी म्हटलं, "इतिहास नसेल राहत. दार तर राहिलं ना बंद?"

सर हसले. म्हणाले, "तुम्ही पीएचडी करायला हवी होती."

मीही हसले. मोठ्या माणसाने केलेलं कौतुक गोड लागतं हो. आणि मी पंधराचं चौदा केलं. सोळाचं पंधरा. असं करत एकवीसवर आणून ठेवलं. जीभ सरांशी भांडली, पण बोटं माझीच होती.

नियमाप्रमाणे सरांनी आता वाचून दाखवायला जायचं. पण जाणार कोणत्या तोंडाने? म्हातारा तेराव्या पानानंतर अडवणारच. लेकीचे फोन यायचे, विभागात मीच उचलायची. "बाबा विचारतात, सर वाचायला कधी येणार?" सर लांबूनच हाताने खुणावायचे. मी सांगायची, "पुढच्या आठवड्यात." असे सोळा पुढचे आठवडे गेले.

तर तो मंगळवार. दुसऱ्या दिवशी दहाला पुस्तक छापखान्यात जायचं होतं आणि नऊला तळटीपबाई फाइल बघणार होत्या. एकवीस पानं. एकावरही अंगठा नाही.

सर पहिल्या मजल्यावर गेले, दिवा लावला आणि माझ्या टेबलाशी बसले, कारण शाईचं पॅड माझ्या खणात. शेवटच्या पानाखाली लिहिलं, 'साक्षीदारास वाचून दाखवले. ऐकून बरोबर असल्याचे सांगितले.' तारीख घातली त्याच दिवसाची. मग पॅड उघडलं आणि स्वतःचा डावा अंगठा, एकेका पानावर, एकवीस वेळा उठवला. मला म्हणाले होते, "ताई, पाचव्या-सहाव्या पानानंतर काही वाटेनासं होतं."

शेवटचा अंगठा उठवला, तोच शेजारच्या खोलीत खुर्ची सरकली.

ती साक्षींची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या. सरांना वाटलं, शिपाई असेल. दार ढकललं.

आजोबा बसले होते. नेहमीचा सदरा, हात मांडीवर.

सर क्षणभर गडबडले, मग सावरले. "आजोबा! तुम्ही? एवढ्या रात्रीचे?"

"तुम्ही येणार होता. आला नाहीत. म्हटलं, आपणच जावं."

"अहो, कळवायचं तरी... लेक कुठे आहे? पाणी देऊ?"

"पाणी नको. वाचा."

सरांना भीती वाटली, पण ती चोरी सापडल्याची. फाइल आणली, समोर बसले. डावा हात टेबलाखाली धरला आणि वाचायला लागले. गिरणीत कसा लागलो, पगार किती, पहिली पाळी, दुसरी पाळी. आजोबा मान हलवत होते. मधेच हसलेसुद्धा, "हां, तो मुकादम तसाच होता."

तेरावं पान संपलं. सरांनी श्वास न घेता पुढचं सुरू केलं.

"राहिलं," आजोबा म्हणाले.

"काय राहिलं?"

"मधलं."

"एवढंच आहे, आजोबा."

"पहिल्यापासून वाचा."

सरांनी पहिल्यापासून वाचलं. घड्याळात साडेअकरा. तेरावं संपलं.

"राहिलं."

"आजोबा, तुम्ही दमलात. मी उद्या येतो, नक्की येतो, मग..."

"पहिल्यापासून."

तिसऱ्यांदा. आता आजोबा मान हलवत नव्हते. हसत नव्हते. आणि वाचता वाचता सरांच्या ध्यानात आलं... खोलीत श्वास एकाच माणसाचा ऐकू येतोय.

त्यांचा स्वतःचा.

तेरावं पान संपलं. सर थांबले. चौदावं त्यांना पाठ होतं, मुलांनो. अक्षर न् अक्षर पाठ होतं. म्हटलं असतं तर संपलं असतं. दोन मिनिटांचं काम. ओठ उघडलेसुद्धा...

नाही म्हटलं.

आजोबांनी टेबलाखाली बघितलं. सरळ, लाकूड मधे नसल्यासारखं.

"अंगठा कुणाचा?"

सरांनी अंगठा मुठीत दडपला.

"कुणाचा, सर?"

मग आजोबा खुर्चीत मागे टेकले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं सर म्हणाले. रात्रपाळीला माणूस बसतो तसे सैल बसले.

"असू दे. मग थांबतो."

सर पळाले. साडेबाराला माझ्या दारात उभे होते. विभागामागच्या चाळीत मी राहायची, सर्वांत जवळचा दिवा माझा. पायात एकच चप्पल होती आणि फाइल छातीशी. मी पाणी दिलं, बसवलं. हे सगळं त्यांनी मला तेव्हा सांगितलं, निळा अंगठा धोतरावर घासत... धोतर कसलं, पँटवर. बघा, मलाही आठवताना काही सुधरत नाही.

शेवटी म्हणाले, "ताई, चौदावं पान आहे का तुमच्याकडे?"

"कॉम्प्युटरमध्ये आहे. मी पुसलं नाही."

"सकाळी घाला. बाईंना मी सांगतो सगळं. पुस्तक गेलं खड्ड्यात."

एवढं शहाणं वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी सातला आम्ही दोघं विभागात गेलो. साक्षींच्या खोलीत कुणी नव्हतं. मी कॉम्प्युटर लावला, जुनी फाइल उघडली, चौदावं पान पडद्यावर आणलं. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला. आजोबांची लेक.

"सरांना सांगा, बाबा गेले."

"कधी?"

"काल संध्याकाळी, साडेसहाला. दुपारपासून एकच चाललं होतं, सर आले का, वाचायला आले का. मी शेवटी खोटंच म्हटलं, येतायत, बसमध्ये बसलेत. तर म्हणाले, मग मीच सामोरा जातो."

मी सरांना सांगितलं. सर पांढरेफटक पडले, भिंतीला टेकले. आणि मग... हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग आला. खांदे खाली आले. कान धरून उभं केलेल्या मुलाला मास्तरांनी 'जा, बस' म्हणावं, तसे.

"म्हणजे माझा डोळा लागला असणार," सर म्हणाले. "स्वप्नच ते. आणि ताई, आता वाचून दाखवायचं तरी कुणाला? माणूसच राहिला नाही."

सरांनी पडद्यावरच्या पानाकडे पाठ केली.

"आता त्या लेकीला कळून काय मिळणार? बाप गेला तो गेला, वर हे कशाला?" आवाज गोड होता. नेहमीसारखा.

मी काय केलं विचारा. मी, जी कुणाच्या बापाला भीत नाही म्हणून सांगत फिरते. पडद्यावर चौदावं पान होतं. मी ते बंद केलं. नऊला तळटीपबाईंनी फाइल चाळली, अंगठे मोजले. कालची तारीख बघून म्हणाल्या, "शेवटच्या दिवसापर्यंत टाळलंत, पण नियम पाळलात." दहाला पुस्तक छापखान्याला मेलवर गेलं. बटण मी दाबलं.

पुस्तक गाजलं. चार आवृत्त्या निघाल्या. सर आता दुसऱ्या विद्यापीठात आहेत, मोठ्या पदावर. लेकीने एक प्रत मागवून घेतली होती. तिने फोन केला, म्हणाली, "कुलूप बाबांच्या हातचं होतं, तो डाग गेला हो, ताई." मी "हो गं" म्हटलं.

पण त्या बुधवारी दुपारी मी गेटवर गेले होते. म्हटलं स्वप्न तर स्वप्न, एकदा विचारून तरी येऊ. रात्रीचा वॉचमन गेटमागच्याच खोलीत झोपायचा, त्याला उठवलं; झोपमोड झाल्यासारखा बोलत होता.

"आले होते ना एक आजोबा. शेवटच्या बसने आलो म्हणाले. काम विचारलं तर म्हणे, ऐकायला आलोय. मी म्हटलं, भाषणबिषण संपलं असेल. तर म्हणे, माझं अजून सुरूच नाही झालं."

"आणि परत कधी गेले?"

"परत? सकाळी सहापर्यंत मी होतो, ताई. सर तेवढे पळत गेले. आजोबा नाही आले बाहेर."

आता आमच्या गेटचा कारभार तुम्हाला ठाऊक आहे. रात्री दहानंतर जो येईल त्याची नोंद. रजिस्टर भरलं, की जे बाहेर पडलेले नाहीत त्यांची नावं नव्या रजिस्टरात आधी उतरवायची. का, कशासाठी, कुणी विचारत नाही. वॉचमन बदलतात, रजिस्टरं बदलतात.

परवा मी निवृत्तीच्या कागदांसाठी गेले होते. गेटवर कोरं रजिस्टर उघडलेलं. वॉचमन नवा, पलटणीतून आलेला, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या पानावर एकच ओळ.

आत येण्याची वेळ, दहा चाळीस. कोणाकडे, इतिहास विभाग. काम, ऐकणे.

बाहेर जाण्याची वेळ...

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. रकाना कोरा होता.